हाक एकीची, ओ तिघांची

आपल्याकडं काळ्या अमेरिकेची पुस्तकं आली, गाणी आली नाहीत.

म. ना. वानखडे सर अमेरिकेत शिकून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात परत आले, त्यांनी तिकडच्या काळ्या लेखकांची ओळख करून दिली. जनार्दन वाघमारे सरांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. 'अस्मितादर्श'च्या पिढीनं ते वाचलं, पचवलं. १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी संघटना काढली तर नावसुद्धा ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, खुद्द बाबासाहेबांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केलाय, त्याची प्रत मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. म्हणजे नातं जुनं. पण ते सगळं कागदाचं. पत्र, पुस्तक, जाहीरनामा. तो काळा माणूस पुस्तक लिहायच्या कितीतरी आधीपासून गात होता. आपल्या आज्या अक्षर न शिकता जात्यावर गात होत्या तसाच. त्याच्यातला जेवढा कागदावर उतरला तेवढाच आपण उचलला. गाणारा तिथंच ऱ्हायला.

म्हणून ह्या वेळी कवितासंग्रहावर न लिहिता एका रेकॉर्डवर लिहायलोय. संपादक मित्रांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.

रेकॉर्डचं नाव 'बी अल्टिट्यूड : रिस्पेक्ट युवरसेल्फ'. गाणारे स्टेपल सिंगर्स. कंपनी स्टॅक्स, गाव मेम्फिस, साल १९७२. दहा गाणी. गाणारे चौघं, एका घरातले. बाप रोबक स्टेपल्स, त्याला सगळे पॉप्स म्हणायचे. आणि तीन लेकी : क्लिओथा, इव्होन, मेव्हिस. पर्व्हिस नावाचा भाऊ आधी ह्यांच्यात गायचा, तो ह्या रेकॉर्डच्या आधीच बाहेर पडला होता. तिकडं ह्या प्रकाराला सोल म्हणतात, फंक म्हणतात. सोल म्हणजे चर्चमधल्या गाण्याचा गळा घेऊन रस्त्यावर आलेलं गाणं. फंक म्हणजे ज्यात चालीपेक्षा ठेका पुढं असतो. एवढं कळलं तरी ऐकायला पुरतं. मलाही एवढंच कळतं.

इंग्रजी मला दहावीपुरतं. पहिले आठ-दहा दिवस शब्द कळतच नव्हते. जिनिंगात रात्रपाळीला मोबाइलवर ऐकायचो, तेही यंत्र थांबलं की. पट्टा तुटला, लाइट गेली, की दहा मिनिटं. एकदा जोडीदार म्हणला, "आरं, काय ऐकायलास हे? समजायलंय का काय तुला?" म्हणलं, "नाही समजत." तर म्हणला, "मग मान काह्याला हालवायलास?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर शब्दकोश घेऊन बसलो, एकेक शब्द लिहून काढला. पण मान आधी हलली होती हे खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. टीका लिहिणारानं आपलं अंग काय म्हणलं तेही सांगावं.

आता ही माणसं कोण, ते सांगतो. पॉप्स १९१४ साली मिसिसिपी राज्यात विनोना गावाजवळ जन्मला. डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर वाढला. कापूस वेचला. बाप-चुलते तिथंच राबलेले. आपल्याकडं बटईनं किंवा सालानं राबणाऱ्या माणसाचं जे होतं तेच त्यांचं : पीक आलं की मालकाचा हिशोब, आणि हिशोबात देणं कायम. त्याच मळ्यावर चार्ली पॅटन नावाचा गाणारा होता, त्याची गिटार ऐकून हा पोरगा गिटार शिकला. पुढं तिशीच्या दशकात शिकागोला गेला. कत्तलखान्यांच्या भागात, पोलादाच्या कारखान्यात, बांधकामावर, मिळेल तिथं काम केलं.

जिनिंगात काम करणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटत नाही. मानवतचा बाजार, परभणीचा कापूस, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, गाठी बांधायच्या, केर नाकातोंडात. आपण तोंडभरून 'जिनिंग' म्हणतो, पण त्या जिनचा इतिहास काय? १७९३ मध्ये अमेरिकेत ईलाय व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र काढलं. कुणालाही वाटेल, यंत्र आलं, कष्ट कमी झाले असतील. झालं उलटं. सरकी झटपट निघायला लागली तसा मळेवाल्यांनी कापूस वाढवला, आणि कापूस वाढला तसे गुलाम वाढवले. त्या गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांतला हा पॉप्स. म्हणजे एकाच कापसाच्या दोन टोकांना आपण उभे आहोत. नातं जुळवायला मला पुस्तकाची गरज पडली नाही.

शिकागोत पॉप्स एका गटात गायचा. त्यातली माणसं तालमीला येईनात. शेवटी वैतागून त्यानं घरातल्याच पोरांना जमिनीवर गोल बसवलं, गिटारीची एकेक तार छेडून प्रत्येकाला एकेक सूर नेमून दिला. (गायन पार्टी चालवणाऱ्यानं हे वाचून हसावं. तालमीला न येणारी माणसं जगात सगळीकडं आहेत.) १९४८ पासून ही पोरं चर्चमध्ये गायला लागली. पुढं मार्टिन ल्यूथर किंगचं प्रवचन ऐकून पॉप्स पोरांना म्हणला, ह्याला जे सांगता येतंय ते आपल्याला गाता येईल. मग किंगच्या सभांच्या आधी ह्यांचं गाणं व्हायला लागलं. आपल्याकडं भीमराव कर्डकांचा जलसा आणि बाबासाहेबांची सभा यांचं जे होतं तेच. १९६८ च्या एप्रिलात किंगला गोळी घातली ती मेम्फिसला. तो तिथं का गेला होता? सफाई कामगारांच्या संपासाठी. कचरा उचलणाऱ्या माणसांनी 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात घातले होते. स्टॅक्स कंपनी त्याच गावातली. ह्या रेकॉर्डमागं ही जागा आहे, हे डोक्यात ठेवून ऐकायचं.

नावापासूनच गंमत आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दीनदुबळ्यांना धन्य म्हणणारे जे बोल आहेत त्यांना इंग्रजीत 'बीअ‍ॅटिट्यूड' म्हणतात. ह्यांनी त्यात थोडी मोडतोड करून 'अल्टिट्यूड' केलं, म्हणजे उंची. दीन असणं धन्य नाही, उंच व्हा. पुढं लगेच : स्वतःचा मान ठेवा. मला तर नावच अर्धी कविता वाटली.

'रिस्पेक्ट युवरसेल्फ' हे गाणं लिहिलं ल्यूथर इन्ग्रॅम आणि मॅक राइस ह्या दोघांनी. ते १९७१ मध्येच सुटं निघालं आणि गाजलं. बाप सुरुवात करतो. त्याचा आवाज मोठा नाही. ओट्यावर बसून पोराला दोन शब्द सांगावेत तसा गातो. नंतर मेव्हिस येते. तिचा आवाज बाईच्या मानानं खालचा, जाड, खरखरीत. तो गळ्यातून येत नाही, पोटातून येतो. गाण्यात काय आहे? उपदेश आहे. शिव्या देत फिरू नको, बायकांसमोर तोंड सांभाळ, सरकारच्या नावानं ओरडतोस तर आधी स्वतः खोकताना तोंडावर हात धर, जगानं आपलं काही देणं लागतंय असं समजून हिंडू नको. ह्या थाटाचं.

माझ्या एका कार्यकर्त्या मित्राला मी हे मराठीत सांगितलं तर तो भडकला. म्हणला, "ही तर सवर्णांची भाषा. तुम्हीच घाण राहता, तुम्हीच व्यसनी, आधी सुधरा मग बरोबरीचं बोला. हे ऐकायला अमेरिकेत कशाला जायचं? गल्लीतला मास्तर रोज ऐकवतो."

त्याचा राग बरोबर आहे. आणि तरी तो चुकतोय. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आपल्या बायांपुढं काय बोलले? लुगडं कसं नेसा, अंगावरचे गुलामीची ओळख सांगणारे दागिने टाका, पोरं-पोरी शाळेत घाला. जलशांनी गावोगाव काय सांगितलं? मेलेलं ढोर ओढू नका, शिळं मागू नका. हाही उपदेशच. आपल्या आज्यांनी तो ऐकला आणि अंगावरचं कथील उतरवलं. त्यांना अपमान वाटला नाही. का? कारण सांगणारा त्याच वेळी मनुस्मृती जाळायला उभा होता. एका हातात काडी असल्यावर दुसऱ्या हाताचं बोट आपल्याकडं वळलं तर ते टोचत नाही. रिकाम्या हाताच्या माणसानं बोट दाखवलं की टोचतं.

आता ह्या गाण्यात काडी कुठाय? बापाच्या सुरुवातीच्या बोलांतच आहे, मित्राच्या कानातून ती निसटली. तो एका माणसाला तोंडावरची चादर काढायला सांगतो, आता नवा दिवस उगवलाय म्हणून. तोंडावर चादर कुणाची? रात्री पांढरी चादर पांघरून काळ्यांची घरं जाळणाऱ्या क्लू क्लक्स क्लानवाल्यांची. म्हणजे गाणं आधी त्याच्याकडं वळतं, मग आपल्या माणसांकडं. आणि ध्रुपद दोघांना एकच आहे : स्वतःचा मान ठेव. ह्यातली मेख बघा. तोंड झाकून घर जाळणाऱ्यालाच स्वतःचा मान नाही, असं हा म्हातारा त्याला शांतपणे सांगतो. दया नाही, शिवी नाही. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात, आपल्या जिल्ह्यात वस्त्या पेटल्या. म्हातारे सांगतात, पेटवणारे गावातलेच होते, ओळखीचे, तोंड झाकायचीही त्यांना गरज वाटली नाही. त्या माणसांना उद्देशून आपण खूप लिहिलं. ज्वाळा, रक्त, सूड, सगळं लिहिलं, मीही लिहिलं. पण 'तुला स्वतःचा मान नाही' हे एवढं साधं वाक्य आपल्या कुणाच्या कवितेत एवढ्या थंडपणे आलेलं मला आठवत नाही.

आता दुसरं मोठं गाणं, 'आयल टेक यू देअर'. मी तुला तिथं नेईन. हे गाणं १९७२ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या सगळ्या गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. मेच्या अखेरीला इकडं मुंबईत पँथरची स्थापना झालेली. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नाही. आणि मराठवाड्यात तेव्हा माणसं दुष्काळात खडी फोडत होती.

हे गाणं लिहिलं अल बेल ह्यानं. कंपनीचा कारभार चालवणारा काळा माणूस. त्याच्या भावाचा खून झाला होता. मातीहून आल्यावर बापाच्या घरामागं बसला असताना हे सुचलं, असं त्यानं नंतर सांगितलं. सुचलं तरी किती? एक छोटं कडवं. एक जागा आहे, तिथं रडणं नाही, काळजी नाही, तोंडावर हसू ठेवून खोटं बोलणारे नाहीत. आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही? संत रविदासांचं बेगमपुरा हेच. दुःख नसलेलं गाव.

आता आपल्यातला कुणीही लगेच हात वर करील : हे तर स्वर्गाचं गाजर! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये स्पष्ट फरक केलाय, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. कुणीतरी हात धरून नेणार, ही भाषा आपण १९५६ ला सोडून आलो. मीही आधी असंच म्हणलो होतो. ह्या गाण्यावर फुली मारून ठेवली होती.

पण ऐकत ऱ्हायलो. कडवं संपतं आणि गाणं संपत नाही. सुरावट दोनच, त्याच आलटून पालटून येतात. शब्द जवळजवळ आटतात. मग मेव्हिस काय करते? हाका मारायला लागते. नेईन म्हणणारी बाई, कुणीतरी मदतीला या म्हणून हाक मारायला लागते! वाजवणाऱ्याला नावानं हाक मारते, डेव्हिड म्हणून. तो बेस गिटार वाजवणारा डेव्हिड हूड. तो लगेच पुढं येतो, त्याचा बेस बोलायला लागतो. आणि मागून बाप आणि दोघी बहिणी तीच ओळ पुन्हा पुन्हा धरून असतात. ती 'मी' म्हणते, हे तिघंही 'मी' म्हणतात. चार 'मी' झाल्यावर तो कुणाचा 'मी' ऱ्हातो? नेणारा एकटा ऱ्हायलाच नाही. मोक्षदाता असता तर त्याला मदत लागली नसती. माझी फुली मी पुसली.

ह्यालाच आपण झील म्हणतो. शाहीर एक ओळ फेकतो, झीलकरी ती झेलतो. स्टेपल सिंगर्सच्या रेकॉर्डचा खरा मजकूर शब्दांत नाही, ह्या हाकेत आणि ओ देण्यात आहे. शब्द कुठं कुठं साधेच आहेत, कुठं तर पोकळ आहेत. पण हाक मारली की ओ येणार, ही खात्री प्रत्येक गाण्यात आहे. उपदेशाचं गाणंही त्यामुळंच उपदेश ऱ्हात नाही. बाप सांगतो आणि लेकी ते उचलून म्हणतात, म्हणजे ती आज्ञा नसून ठराव होतो. सभेत ठराव मांडणारा एक असतो, अनुमोदन देणारा दुसरा असतो. अनुमोदन नसलं तर ठराव पडतो.

रेकॉर्डमध्ये लबाडीही आहे, ती झाकत नाही. ह्याच गाण्यात मेव्हिस बापाला हाक मारते आणि गिटार वाजते. आपण समजतो पॉप्सच वाजवतोय. नाही. ती गिटार एडी हिंटन नावाच्या गोऱ्या वादकाची. वाजवणारे अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओतले, डेव्हिड हूडसकट गोरे. पुढचं काम मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत झालं. म्हणजे नाव बापाचं, हात दुसऱ्याचा. आणि गाण्याची सुरुवात, तो बेसचा डोलारा, जमैकातल्या हॅरी जे ऑल स्टार्सच्या १९६९ च्या 'लिक्विडेटर' मधून आलेला. त्या गरीब बेटावरच्या वादकांची नावं लिहिणाऱ्याच्या जागी लागली नाहीत. सोसलेल्यांनी सोसलेल्यांचं उचललं. अर्थात सिनेमाच्या चालींवर भीमगीतं बसवणाऱ्या आपण फार नाक वर करू नये. फरक एवढाच, आपण उचलली ती मोठ्यांची, त्यांनी उचलली ती त्यांच्यापेक्षा लहानांची. मला हे खटकतं आणि खटकत राहील.

गोऱ्यांच्या हातांबद्दल मात्र मला तेवढी तक्रार नाही. त्या काळच्या अलाबामात, जिथं काही वर्षांपूर्वी काळ्या पोरांना शाळेच्या दारात अडवलं होतं, तिथं एक काळी बाई गोऱ्या वादकाला नावानं हाक मारून कामाला लावते आणि तो ओ देतो. हे कमी नाही.

बाकीची गाणी सगळी ह्या उंचीची नाहीत. 'आयम जस्ट अनदर सोल्जर' मध्ये प्रेमाच्या फौजेतला शिपाई आहे. ही फौज कुणाशी लढणार ते गाणं सांगत नाही, म्हणून ठेका चांगला असूनही ते माझ्या डोक्यावरून गेलं. येशूवरचं एक गाणं आहे, त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. दोन-तीन भरतीची आहेत. 'आर यू शुअर' मात्र लहान असून चावतं. तुझ्या हातून खरंच काही होण्यासारखं नाही का, असं ऐकणाऱ्याला विचारणारं. बैठकीला न येणाऱ्या कार्यकर्त्यांना ऐकवावं.

आणि 'वी द पीपल'. नाव वाचूनच मी थांबलो. १७८७ मधल्या अमेरिकेच्या राज्यघटनेची सुरुवात ह्या शब्दांनी होते. त्या 'आम्ही लोक' मध्ये हे लोक नव्हते. गुलामाला प्रतिनिधींच्या हिशोबात तीन पंचमांश माणूस धरलं होतं, तेही मालकाचं वजन वाढवायला. त्या गुलामांची नातवंडं माइकसमोर उभी राहून 'आम्ही लोक' म्हणतात. आपल्या संविधानाचीही सुरुवात 'आम्ही भारताचे लोक' अशी आहे, आणि ती लिहिणारा आपला बाप. आपल्याला ते शब्द मागावे लागले नाहीत, आपल्याच माणसाच्या हातातून आले. तरी २०२४ च्या १० डिसेंबरला परभणीत, स्टेशनसमोरच्या पुतळ्यापाशी, संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतर धरपकड झाली, आणि धरलेला एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर हे गाणं मला नीट ऐकवत नाही. फार आनंदी आहे ते. चौघं मिळून असं काही गातात की जणू 'आम्ही लोक' हे ठरूनच गेलंय. मला त्यात थोडी शंका हवी होती, दात हवे होते. पण मग वाटतं, हक्क सांगताना रडून सांगावा की गाजवून? ह्यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

आता आपलं. आपल्याकडं हाक आणि ओ नव्हती असं कोण म्हणेल? जलसा म्हणजे तेच. गायन पार्टीत पेटी, ढोलकी, टाळ, आणि मागं चार-पाच जण ओळ धरणारे. वामनदादा कर्डकांचं गाणं गावोगाव गेलं ते एका गळ्यानं गेलं नाही, मागच्यांनी झेललं म्हणून गेलं. पण रेकॉर्ड आली, मग कॅसेट आली, वेष्टणावर एका गायकाचं नाव आणि फोटो आला. प्रल्हाद शिंद्यांचा गळा, विठ्ठल उमपांचा गळा, हे गळे पुन्हा होणार नाहीत, त्याबद्दल वाद नाही. वाद हा आहे की मागं ओळ धरणारे कोण होते, ते आपण कधी विचारलंच नाही. स्टुडिओत ते पैशावर आलेले सुटे आवाज झाले. ऐकणाराही सुटा झाला. त्यानं फक्त ऐकायचं.

आणि आता डीजे. आपल्यातले जुनेजाणते म्हणतात, जयंतीत पोरं नाचतात म्हणून विचार मेला. मी हे मानत नाही. ह्या रेकॉर्डवर मान आधी हलते, मग डोकं चालतं, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. अंग हलणं हा गुन्हा नाही. ज्या अंगाला शिवायचं नाही असं ठरवलं होतं ते भर रस्त्यावर हलतंय, ह्यालाही अर्थ आहे. डीजेचा दोष वेगळा आहे. त्याला कुणाची ओ नको असते. तो एवढा मोठा आहे की हजार पोरांनी ओ दिली तरी ऐकू येणार नाही. डेव्हिड हूडचा बेसही छातीत वाजतो, पण तो मेव्हिसच्या हाकेसाठी जागा सोडतो. ठेक्यात जागा सोडणं हेच तर फंक. डीजेत जागाच नाही.

स्टेपल सिंगर्सना पैसा मिळाला, नाव मिळालं. चर्चवाल्यांनी नाकं मुरडली, ह्यांनी सैतानाचं गाणं धरलं म्हणून. त्याच १९७२ च्या २० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या मैदानात स्टॅक्सनं 'वॉटस्टॅक्स' नावाचा जलसा भरवला, तिकीट एक डॉलर, लाखाच्या वर काळी माणसं, तिथं हे गायले. कंपनी मात्र १९७५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. पॉप्स २००० मध्ये गेला, क्लिओथा २०१३ मध्ये, इव्होन २०१८ मध्ये, पर्व्हिस २०२१ मध्ये. मेव्हिस उरली. ओ देणारे गेल्यावर ती दुसऱ्यांना घेऊन गात ऱ्हायली.

गेल्या महिन्यात आम्ही तिघांनी प्रयोग केला. माझी एक कविता, जिनिंगवरची, तिची एक ओळ मी म्हणायची आणि बाकी दोघांनी धरायची. पहिल्यांदा हसूच फुटलं. दुसऱ्यांदा ओळच जड निघाली, तोंडात मावेना. कागदावर चांगली दिसत होती. तिसऱ्यांदा मी तिच्यातले चार शब्द काढून टाकले, 'अस्तित्वाचा' वगैरे, तेव्हा ती धरता आली. कविता म्हणून ती आता छापण्यासारखी ऱ्हायली नाही, म्हणून ह्या अंकात दिलेली नाही.

तालीम दर रविवारी संध्याकाळी विहारात आहे. ज्यांना गाता येतं असे दोघं आहेत. ज्यांना येत नाही त्यांनी जरूर यावं, झील धरायला माणसं कमी पडायलेत.